एलिमेंटची एबीसी... छे, एल-एम-एन!

चला मंडळी, एक झटपट कोडं! गिझरमध्ये तापतो, भूमितीत घाम फोडतो, शेरलॉक होम्सच्या नावावर खपतो, शाळेतल्या पोरांना चित्रकलेच्या परीक्षेला बसवतो आणि दंगलीच्या बातमीत दगडफेकसुद्धा करतो. ओळखा पाहू कोण?

उत्तर आहे एक इंग्रजी शब्द : एलिमेंट! कुठल्याही विषयाचं मूळ, पाया, प्राथमिक तत्त्वं म्हणजे त्या विषयाचे ‘एलिमेंट्स’. दिसायला साधा, पण याची कुंडली मांडायला बसलात तर चहा गार होईल. म्हणून चहा आधी पिऊन घ्या, मग वाचा.

माहीत आहे का? एलिमेंटचा जुना अर्थ सोडियमही नाही, गिझरची कॉइलही नाही. लॅटिनमध्ये ‘एलिमेंटम’ म्हणजे अक्षर! अनेकवचन ‘एलिमेंटा’, म्हणजे वर्णमाला. मुलाचं शिक्षण अक्षरांपासून सुरू होतं, म्हणून कुठल्याही विद्येचे पहिले धडे म्हणजे एलिमेंटा. मग कुणीतरी म्हणालं, अक्षरांपासून जसे शब्द, तशी ज्यांच्यापासून सगळी सृष्टी बनली तीही एलिमेंटाच की! आणि गाडी सुटली.

हत्ती की बाराखडी?

आता खरी गंमत. एलिमेंटम हा शब्द मुळात आला कुठून? शब्दकोशांचं अधिकृत उत्तर : व्युत्पत्ती अज्ञात. पण अज्ञात म्हटल्यावर गप्प बसतील ते पंडित कसले!

थिअरी नंबर एक : आपण ‘एबीसी’ म्हणतो ना, तसं ‘एल-एम-एन’. एल, एम, एन भराभर म्हणून बघा. एलेमेन... एलेमेन्ट... लागलं ना रुळाला? पण वर्णमाला ए-बी-सीने सुरू होते, मग मध्येच एल कुठून? तर रोमनांच्या अक्षरांचे पूर्वज असलेल्या सेमिटिक वर्णमालेत बावीस अक्षरं होती आणि बारावं होतं ‘एल’चं. म्हणजे अकरा-अकराचे दोन भाग केले की दुसरा भाग एलपासून सुरू! गुरुजींनी पाठांतरासाठी दोन ओळी पाडल्या आणि दुसऱ्या ओळीचं तोंड शब्द होऊन बसलं, असा हा तर्क.

थिअरी नंबर दोन जास्त झोकदार आहे. हर्मान डील्स नावाच्या जर्मन पंडिताने १८९९ साली चक्क ‘एलिमेंटम’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. एका शब्दावर अख्खं पुस्तक! त्याचं म्हणणं, हा शब्द ‘एलिफंट’चा भाऊ. रोमन मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरं देत. ही गोष्ट पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन यानेच नोंदवून ठेवली आहे. हस्तिदंती अक्षर ते साधं अक्षर ते मूलतत्त्व! म्हणजे आज बाजारात मिळणारी रंगीत प्लॅस्टिकची एबीसीडी हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या खेळण्याचा स्वस्त अवतार.

आमचं मत? एल-एम-एनला पास, हत्तीला ग्रेस मार्क.

माहीत आहे का? पोरं एबीसीडीचं गाणं म्हणताना आजही नेमकी एल-एम-एनपाशीच सुसाट सुटतात. ‘एलेमेनोपी’ हे एकच लांबलचक अक्षर आहे, अशी कित्येक बालवाडीकरांची प्रामाणिक समजूत असते. त्या गाण्याची आणि ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल एकच, हे कधी लक्षात आलं होतं का? मूळ चाल फ्रेंच. तिच्यावर मोझार्टनेही बारा करामती करून ठेवल्या आहेत. एबीसीच्या गाण्याचा कॉपीराइट १८३५ साली अमेरिकेत बॉस्टनला घेतला गेला.

आणि हसू नका बरं, आपलंही तेच आहे! जुन्या शाळेत धूळपाटीवर पहिला धडा गिरवायचा तो ‘ॐ नमः सिद्धम्’. पोरांच्या तोंडी त्याचं झालं ‘ओनामासीधं’, आणि त्यातून मराठीला मिळाला झकास शब्द : ओनामा! कशाचाही ओनामा म्हणजे त्याची सुरुवात. रोमनांचं एल-एम-एन पंडितांच्या अंदाजात आहे, आपलं ओ-ना-मा मात्र शब्दकोशात पक्कं बसलंय. एक-शून्य!

नवरा आणि वानर

अक्षर म्हणजेच मूलतत्त्व, ही आयडिया लॅटिनवाल्यांनी ढापली ग्रीकांकडून. ग्रीक शब्द ‘स्टॉइकिऑन’, ‘रांग’ या अर्थाच्या शब्दातून आलेला. रांगेत उभं राहणारं ते अक्षर आणि तेच मूलतत्त्व. अकरावीच्या केमिस्ट्रीत ‘स्टॉइकिओमेट्री’ नावाच्या धड्याने ज्यांना छळलं, त्यांनी शिव्यांचा पत्ता लिहून घ्यावा : जेरेमियास रिख्टर, जर्मनी, १७९२. हा शब्द त्याने त्याच ग्रीक रांगेतून उचलला.

रोमन कवी ल्युक्रिशियस याने तर कमाल केली. अणूंनाही एलिमेंटा, अक्षरांनाही एलिमेंटा! त्याचा मुद्दा असा, की अक्षरं थोडी, पण जागा बदलली की शब्द बदलतो. तसेच अणूंचे प्रकार मोजके, पण मांडणी बदलली की वस्तू बदलते. लॅटिनमध्ये लाकूड म्हणजे ‘लिग्नुम’ आणि आग म्हणजे ‘इग्निस’. लाकडाच्या पोटात आग, स्पेलिंगसकट! मराठीत त्याचं काम आणखी सोपं झालं असतं. ‘नवरा’ घ्या, तीच अक्षरं आणि तोच काना हलवा, ‘वानर’ तयार. अणुसिद्धांत सिद्ध! (पुरुष वाचकांनी पत्रं पाठवू नयेत.)

माहीत आहे का? पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी ही ग्रीकांची चौकडी जमवणाऱ्या एम्पेडोक्लीसने त्यांना एलिमेंट म्हटलंच नव्हतं. त्याचा शब्द होता ‘मुळं’. झाडांची असतात ती! आणि आपण मराठीत काय म्हणतो? मूलद्रव्य, मूलतत्त्व, मुळाक्षर. घ्या, सिसिलीतला ग्रीक आणि सदाशिव पेठेतले शास्त्रीबुवा एकाच मुळावर!

याच एम्पेडोक्लीसबद्दल दंतकथा आहे, की आपण देव आहोत हे पटवायला त्याने एटना ज्वालामुखीत उडी मारली. ज्वालामुखीने त्याची ब्राँझची एक चप्पल तेवढी परत फेकली. अग्नी हे मूलतत्त्व आहे, हे असं प्रॅक्टिकल करून बघायचं नसतं हो!

मग अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला, चार पुरेत ते जमिनीवर. आकाशातल्या ताऱ्यांसाठी वेगळं पाचवं हवं. लॅटिनमध्ये पाचवं म्हणजे ‘क्विंटा’, सार म्हणजे ‘एसेन्शिया’. जोडा दोन्ही : क्विंटइसेन्स! म्हणजे एखाद्याला तुम्ही ‘क्विंटइसेन्शियल मुंबईकर’ म्हणता, तेव्हा त्याला सरळ आकाशतत्त्वात नेऊन ठेवता. तो बिचारा लोकलच्या दारात लटकलेला असतो, ती गोष्ट वेगळी.

गाढवांचा पूल

आता या शब्दाचा सुपरहिट पिक्चर. युक्लिडचं भूमितीचं पुस्तक ‘एलिमेंट्स’! अलेक्झांड्रिया, इसवी सनापूर्वी ३००च्या आसपास, तेरा खंड. १४८२ साली व्हेनिसला पहिल्यांदा छापलं गेलं आणि तेव्हापासून हजाराहून जास्त आवृत्त्या निघाल्या, असं मानतात. दोन हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेलं पाठ्यपुस्तक! आपल्याकडे अभ्यासक्रम बदलला की पुस्तक दोन वर्षांत रद्दीत.

माहीत आहे का? १५७०च्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत चक्क पॉप-अप आहेत! घन आकृत्या समजाव्यात म्हणून कागदाच्या घड्या चिकटवलेल्या. उचलल्या की पिरॅमिड उभा. अनुवादक कुणी प्रोफेसर नव्हता. हेन्री बिलिंग्सली हा लंडनचा व्यापारी, पुढे शहराचा लॉर्ड मेयर झाला. महापौर आणि भूमिती, दोन्ही एका माणसात! रस्ते सरळ असतील बहुधा.

पहिल्याच खंडातलं पाचवं प्रमेय जगप्रसिद्ध आहे : समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरचे कोन समान. याचं युरोपातलं लाडकं नाव ‘पॉन्स असिनोरम’, म्हणजे गाढवांचा पूल! आकृती पुलासारखी दिसते आणि गाढवं इथेच अडतात, म्हणून. ज्याला हे जमलं तो पुढे गेला, बाकीचे अलीकडच्या काठावर चरत राहिले. नववीच्या वहीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहून पुढच्या पानावर निघालेल्या प्रत्येकाने हा पूल ओलांडलेला आहे. अभिनंदन!

अब्राहम लिंकनने तर वकिली करत असताना, खासदारकी झाल्यावर, युक्लिडचे पहिले सहा खंड जवळजवळ पाठ केले. का? तर ‘सिद्ध करणे’ म्हणजे नक्की काय, हे कळावं म्हणून. आजच्या टीव्हीवरच्या चर्चांना हा कोर्स सक्तीचा करायला हरकत नाही.

आणि युक्लिड संस्कृतात येऊन गेलाय, हे ठाऊक होतं? जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात अरबीवरून त्याचा संस्कृत अवतार केला. नाव झकास : ‘रेखागणित’. ते छापून निघालं मात्र मुंबईत, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला.

जाता जाता : गणितात ‘अमुक हा तमुक संचाचा एलिमेंट आहे’ हे दाखवायला वाकड्या ‘ई’सारखं चिन्ह वापरतात ना, ते १८८९ साली इटलीच्या पेआनोने आणलं. ग्रीक ‘एस्ती’, म्हणजे ‘आहे’, या शब्दाचं पहिलं अक्षर. पुन्हा अक्षरच!

शेजारपाजारच्या कानगोष्टी

एलिमेंट्सच्या गल्लीत आणखी भाडेकरू आहेत. त्यातले ‘रूडिमेंट्स’ हे ‘रूड’चे सख्खे. लॅटिन ‘रुडिस’ म्हणजे कच्चा, ओबडधोबड. त्यातून रूड, म्हणजे उद्धट. त्यातूनच रूडिमेंट, म्हणजे कच्च्या माणसाचा पहिला धडा. आणि कच्चेपणातून बाहेर पडलेला तो ‘एरुडाइट’, म्हणजे विद्वान! एकाच घरातले तिघे भाऊ; एक शिव्या देतो, एक शिकतो, एक भाषणं देतो.

‘फंडामेंटल्स’ची कुळकथा आणखी खट्याळ. लॅटिन ‘फुंडुस’ म्हणजे तळ, बूड. म्हणून इंग्रजीत ‘फंडामेंट’चा एक अर्थ पाया आणि दुसरा... बसायची जागा! १७८१ साली लंडनच्या एका मेजवानीत कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन एका बाईंच्या शहाणपणाचं कौतुक करताना ‘बॉटम’ शब्द वापरून बसले. मंडळी खुसुखुसु हसायला लागली. लेखिका हॅना मोर शेजारणीच्या पाठीमागे तोंड लपवून बसल्या. जॉन्सन भडकले, शब्द बदलतो म्हणाले, आणि सगळ्यांकडे डोळे वटारून त्यांनी बाईंना ‘फंडामेंटली’ शहाण्या ठरवलं! म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण यावेळी हसायची कुणाची छाती झाली नाही, असं त्यांचा चरित्रकार बॉसवेल सांगतो.

आणि आपल्या कॉलेज कट्ट्यावर या फंडामेंटलचं झालं ‘फंडा’. फंडे क्लिअर पाहिजेत बॉस!

होम्स असं बोललाच नाही

‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन!’ जगातला सर्वात फेमस डिटेक्टिव्ह डायलॉग. माहीत आहे का? कॉनन डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा पालथ्या घाला, हे वाक्य असं सलग कुठेच नाही! १८९३च्या एका कथेत होम्स नुसतं ‘एलिमेंटरी’ म्हणतो. ‘माय डिअर वॉटसन’ तिथे थोडं आधी येऊन जातं. दोन्ही चिकटवली ती इतरांनी. पी. जी. वुडहाउसने आपल्या कादंबरीत वापरलं, १९२९च्या बोलपटाने घराघरात नेलं. केस क्लोज्ड.

पण महाराष्ट्रात एलिमेंटरी म्हटलं की होम्स आठवत नाही, आठवते ड्रॉइंगची परीक्षा! ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएट’ हा आपल्याकडे जोडशब्दच. काखेत ड्रॉइंग बोर्ड, एका हातात पोस्टर कलर, दुसऱ्या हातात रंग धुवायचा प्लॅस्टिकचा मग, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेत नंबर. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र... आणि शेवटचा पेपर कोणता? कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन!

थांबा, परत वाचा. भूमिती आणि अक्षरं. म्हणजे युक्लिडचा एलिमेंट आणि रोमनांचा एलिमेंट, दोघेही एकाच कागदावर! वर त्रिकोण-षटकोन, खाली ठोकळेबाज अक्षरं. पेपर काढणाऱ्यांना लॅटिनचा इतिहास अभिप्रेत असेल असं वाटत नाही, पण जगात ‘एलिमेंटरी’ हे नाव इतकं तंतोतंत सार्थ करणारी दुसरी परीक्षा शोधून दाखवा.

एक, एक, एक!

आता मूलद्रव्यं. १७८९ साली लाव्हाझिएने केमिस्ट्रीच्या आपल्या पुस्तकात (नावात अर्थातच ‘एलिमेंतेअर’!) ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. त्यात पहिल्या दोन मानाच्या खुर्च्या कुणाला? प्रकाश आणि उष्णता! पाच वर्षांनी फ्रेंच क्रांतीने लाव्हाझिएचं डोकं उडवलं. यादीसाठी नव्हे, करवसुलीच्या धंद्यात होता म्हणून.

१८६९ साली मेंडेलीव्हने तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं तक्त्यात बसवली आणि मधल्या जागा चक्क रिकाम्या सोडल्या. लग्नाच्या पंगतीत रुमाल टाकून पाट धरतात तशा! त्या न सापडलेल्या मंडळींना तात्पुरती नावंही दिली : एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. यातला ‘एका’ म्हणजे आपला संस्कृत ‘एक’! अ‍ॅल्युमिनियमच्या खाली एक घर, म्हणून एका-अ‍ॅल्युमिनियम. रशियन दाढीवाल्याच्या तक्त्यात अस्सल संस्कृत!

पुढे १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकोक द ब्वाबोद्राँला गॅलियम सापडलं, तेच हे एका-अ‍ॅल्युमिनियम. त्याने घनता मोजली : ४.७. मेंडेलीव्हने पत्र धाडलं, चूक असणार, ५.९ यायला हवी, नमुना शुद्ध करून परत मोजा. ज्याने ती धातू कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती त्याने, हातात घेऊन बसलेल्याला सांगितलं! परत मोजली. ५.९.

माहीत आहे का? हे गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतं. तळहातावर ठेवा, पाणी-पाणी. मे महिन्यात नागपूरला तर हात लावायचीही गरज नाही, टेबलावरच तळं.

आज तक्ता ११८ वर उभा आहे. शेवटच्या चार पाहुण्यांची बारशी २०१६ साली एकदम झाली. त्यातला ११८वा ओगानेसॉन, युरी ओगानेशियन यांच्या नावाचा, आणि तेव्हा ते स्वतः हयात! बारशाआधी त्याचं नाव होतं ‘उनउनऑक्टियम’, म्हणजे लॅटिनमध्ये एक-एक-आठ. नाव कसलं, रोल नंबरच तो!

नावावरून आठवलं, स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ इटर्बी नावाचं टीचभर गाव आहे. तिथल्या खाणीतल्या दगडांनी चार मूलद्रव्यांना नाव दिलं : इट्रियम, टर्बियम, अर्बियम, इटर्बियम. एकाच नावाचे चार तुकडे! कल्पना संपल्या होत्या की गावप्रेम उतू गेलं होतं, कोण जाणे.

टॉम लेहरर या हार्वर्डच्या गणितज्ञ-गायकाने १९५९ साली तेव्हाच्या १०२ मूलद्रव्यांची नावं एका दमात म्हणायचं गाणंच बांधलं. २०१० साली हॅरी पॉटरवाल्या डॅनियल रॅडक्लिफने टीव्हीवर ते धडाधड म्हणून दाखवलं. जादूच्या कांडीविना!

साहेबाचे ओटे

आता जरा थांबूया, कारण कोकण आलं. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. गाइड छाती फुगवून सांगतो, हेलियमचा शोध इथे लागला! १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. खरं काय?

१८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशावर जात पार आंध्रपर्यंत गेला, हे शंभर टक्के खरं. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ झान्सेन दुर्बीण लावून बसला होता तो गुंटूरला. मद्रासचा पॉगसन मछलीपट्टणला. आणि ज्या नॉर्मन लॉकियर साहेबाचं नाव हेलियमशी कायमचं जोडलं गेलं, तो? तो त्या दिवशी भारतात नव्हताच! त्याने इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबरला सूर्याच्या प्रकाशात हेलियमची ती अनोळखी पिवळी रेघ पाहिली. झान्सेन आणि लॉकियर यांच्या कामाची दखल घेऊन फ्रेंचांनी दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले.

मग ओटे कुणाचे? ऐका, ट्विस्ट आहे! लॉकियर साहेब विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला, युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेऊन त्यांनी तिथे तळ ठोकला होता. दुर्बिणी ठेवायला पक्के ओटे लागतातच. साहेब खरा, ओटे खरे, ग्रहणही खरं. फक्त दोन ग्रहणांची गाठ एकत्र मारली गेली, असं आमचं मत. त्याने किल्ल्याचा भाव तसूभरही कमी होत नाही. हेलियमचा जनक दुर्बीण घेऊन जिथे उभा राहिला, अशी जागा जगात किती ठिकाणी आहे?

त्याच १८९८च्या ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ टाकून बसले होते. जेऊर स्टेशनवरून जाताना पुढच्या वेळी खिडकीतून एक सलाम ठोका.

आणि माहीत आहे का? हेलियमच्या नावात घोटाळा आहे! सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. ही ‘इयम’ची शेपटी लावतात धातूंना. सूर्यावर दिसलेली ती वस्तू धातूच असणार असं वाटलं, म्हणून हेलियम. १८९५ साली विल्यम रॅम्झीने ती पृथ्वीवर पकडली तर निघाला वायू. शेपटी तशीच राहिली, फुगे उडत राहिले.

गिझर, दंगल आणि पुणे

इलेक्ट्रिशियन स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचून म्हणतो, ‘‘काका, एलिमेंट गेलंय. टँकरचं पाणी ना? बघा क्षार कसे चढलेत!’’ आणि चुन्याचं पांढरं कवच चढलेली वाकडी नळी आपल्या हातात देतो. त्या नळीच्या पोटातली तार बहुतेक वेळा निकेल आणि क्रोमियमची, म्हणजे नायक्रोमची. १९०६ साली अमेरिकेच्या अल्बर्ट मार्शने तिचं पेटंट घेतलं आणि टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांची चूल पेटली. एका एलिमेंटमध्ये दोन एलिमेंट!

वर्तमानपत्री इंग्रजीतले ‘अँटी-सोशल एलिमेंट्स’ तर रोजचेच. हिंदीने त्यांचं शब्दशः ‘असामाजिक तत्त्व’ केलं. मराठीने मात्र सरळ काटा काढला : समाजकंटक! इथे मराठीला पैकीच्या पैकी.

आणि आता ग्रँड फिनाले! अक्षरापासून निघालेला हा शब्द फिरून अक्षरांतच येऊन बसला. इंग्लंडचा रसायनशास्त्रज्ञ डाल्टन मूलद्रव्यं दाखवायला गोल, ठिपके, रेघा काढायचा. १८१३-१४च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसने सुचवलं, कशाला चित्रं? लॅटिन नावाची एक-दोन अक्षरं घ्या! डाल्टनला ही कल्पना भयंकर वाटली. जग बर्झेलियसच्या मागे गेलं. म्हणून शिसं आजही ‘पी-बी’, लॅटिन ‘प्लुंबुम’वरून. तुमच्या नळवाल्याला प्लंबर म्हणतात तेही त्याच शिशावरून. रोमनांचे नळ शिशाचे!

माहीत आहे का? साऱ्या तक्त्यात ‘जे’ हे अक्षर कुठेच नाही. ‘क्यू’सुद्धा नाही, ११४व्याच्या तात्पुरत्या चिन्हात होतं, २०१२ साली पक्कं नाव मिळालं आणि क्यूचाही पत्ता कट.

मग या चिन्हांतून आपली गावं लिहून बघायची? पुणे! पी-यू प्लुटोनियम, एन-ई निऑन. जमलं! एक भयानक किरणोत्सारी, दुसरा कुणातही न मिसळणारा. पुणेकरांनो, हे आम्ही नाही, आवर्त सारणी म्हणते! त्यातही गंमत अशी, की प्लुटोनियमचं चिन्ह खरं तर ‘पी-एल’ व्हायचं. पण शोध लावणाऱ्यांपैकी ग्लेन सीबॉर्गने मुद्दाम ‘पी-यू’ ठेवलं, कारण अमेरिकन पोरं नाक धरून ‘पी-यू!’ म्हणतात, म्हणजे ‘शी, कसला वास!’ कुणी हरकतच घेतली नाही, चिन्ह पास. आणि निऑन म्हणजे ‘नवं’. हे नाव सुचलं हेलियम पकडणाऱ्या त्याच रॅम्झीच्या तेरा वर्षांच्या मुलामुळे.

नाशिक जमतं, जुन्या आणि नव्या दोन्ही स्पेलिंगने. फलटण जमतं, खोपोली जमतं, विटा जमतं. वाशी जमतं, पण पोटात आर्सेनिक! उरण म्हणजे युरेनियम, रेडियम आणि नायट्रोजन, जपून हो. विरार म्हणजे व्हॅनेडियम, इरिडियम आणि आर्गॉन. आर्गॉनचा ग्रीक अर्थ ‘आळशी’. ज्याला विरारकर आळशी वाटतो त्याने सकाळच्या लोकलमध्ये चढून दाखवावं. नागपूर, सोलापूर, पंढरपूर? हे ‘पूर’वाले शेवटच्या ‘आर’वर आपटतात. मुंबई आणि गोवा तर पहिल्याच अक्षराला आउट.

तेव्हा काढा पोराचं केमिस्ट्रीचं पुस्तक आणि बसवा आपलं गाव. फक्त जळगाव, जालना, जुन्नर, जेजुरी, मिरज आणि पणजीच्या मंडळींनी उगाच डोकं शिणवू नये. जोवर एखादं ‘जे’वालं मूलद्रव्य सापडत नाही, तोवर तुमचा नंबर वेटिंगवर!